रेल रोको आणि रेल्वे प्रशासन

जबलपूर येथे मुख्यालय असलेला पश्चिम मध्य रेल्वे हा झोन १ एप्रिल २००३ रोजी कार्यान्वित झाला. जबलपूर, भोपाळ आणि कोटा हे त्याचे तीन विभाग. यांपैकी कोटा विभागातून दिल्ली-मुंबई हा महत्त्वाचा लोहमार्ग जातो. २००८ मध्ये अनुसूचित जमातीच्या दर्जासाठी गुर्जर समाजाने राजस्थानातील बयानाजवळ पिलूपुरा येथे याच मार्गावर ठाण मांडले. पुढे २०१०, २०१५, २०१९ आणि २०२० मध्येही आरक्षणाच्या मागणीसाठी या विभागातील रूळ अडविले गेले. मागणी शासनाकडे, अडवणूक मात्र रेल्वेची, असे या आंदोलनांचे स्वरूप होते.

अधिकारांची विभागणी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार रेल्वे हा संघसूचीतील विषय आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि रेल्वे पोलिसांसह पोलीस हे विषय राज्यसूचीत येतात. रेल्वे सुरक्षा दल रेल्वेची मालमत्ता व प्रवासी यांचे संरक्षण करते. परंतु जमाव पांगविण्याचा निर्णय राज्याच्या यंत्रणेचा असतो. २००७ व २००८ च्या गुर्जर आंदोलनांत पोलीस गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. त्यामुळे बळाचा वापर करून रूळ मोकळे करण्याची किंमत किती मोठी असते, हे स्पष्ट झाले.

वाहतुकीचे नियोजन

अशा वेळी रेल्वेच्या हाती वाहतुकीचे नियोजनच उरते. पाणी व खाद्यपदार्थ मिळू शकतील अशा स्थानकांवर गाड्या थांबविणे श्रेयस्कर असते. कोटामार्गे जाणाऱ्या गाड्या मथुरा-झाशी-बीना-भोपाळ-नागदा अशा वळविता येतात. तथापि, पर्यायी मार्गाची क्षमता मर्यादित असते आणि त्या मार्गाची माहिती असलेलाच चालक द्यावा लागतो. म्हणून काही गाड्या अलीकडेच संपविल्या जातात, तर काही रद्द होतात. रद्द गाडीच्या प्रवाशांना पूर्ण भाडे परत मिळते. अडथळा दूर झाल्यावर रुळांची तपासणी करूनच वाहतूक सुरू केली जाते.

कायद्याची चौकट

अनुच्छेद १९ नुसार नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १७४ नुसार रुळांवर बसून गाडी अडविल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आंदोलनांतील मालमत्तेच्या हानीची सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि २००९ मध्ये नुकसानभरपाईबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली.

तोडगा

फेब्रुवारी २०१९ मध्ये राजस्थान विधानसभेने गुर्जरांसह पाच समाजांना ५ टक्के आरक्षण देणारे विधेयक संमत केले आणि त्यानंतर काही दिवसांतच आंदोलन मागे घेण्यात आले. गाड्या वळविणे रेल्वेला शक्य असते. मागणीवर निर्णय घेणे नाही. वाटाघाटी जितक्या लांबतात, तितका भार मागणीशी संबंध नसलेल्या प्रवाशांवर पडतो. म्हणूनच रुळांवर येण्यापूर्वी मागणी ऐकून घेणारी शासनव्यवस्था हाच रेल रोकोवरील खरा उपाय ठरतो.