आशियाई देशांत इंग्रजीचे अध्यापन : जमा आणि नावे

इंग्रजी भाषा अवगत असणे ही आज केवळ शिक्षणाची खूण राहिलेली नसून ते उपजीविकेचेही साधन झाले आहे. आपल्या समाजातील अनेक मुलेमुली इंग्रजी विषय घेऊन बी. ए., एम. ए. होत आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु पदवी हाती आल्यावर पुढे काय, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. अशा वेळी थायलंड, व्हिएतनाम, जपान, कोरिया येथे इंग्रजीचे शिक्षक हवे आहेत, अशी जाहिरात दिसली की मन तिकडे ओढ घेते. या वाटेचे फायदे कोणते आणि तोटे कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एक गृहस्थ बँकेत माझ्या काउंटरवर आले. दीड लाखाची मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडायची होती. कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "भाऊ, पोरगा थायलंडला मास्तर म्हणून चालला. एजंटाला पैसे द्यायचेत." मी तीन प्रश्न विचारले. शाळेचे नाव काय? करारपत्र आले का? व्हिसा कोणता? मुलगा सोबतच होता. तो म्हणाला, "काका, आधी पर्यटक म्हणून जायचं, बाकीचं तिकडं गेल्यावर होतं. आणि तो बौद्ध देश आहे, आपल्याला परकं वाटणार नाही." मी त्यांना आठ दिवस थांबून शाळेचे पत्र मागवायला सांगितले. ते पत्र कधीच आले नाही, ठेव मोडली गेली नाही आणि मुलगा मात्र माझ्याशी कित्येक महिने बोलला नाही. आपण एखाद्या तरुणाची संधी तर हिरावली नाही ना, अशी रुखरुख मला लागली. म्हणून मी या विषयाची माहिती जमवू लागलो. तीच येथे मांडत आहे.

मागणी का आहे?

या देशांत इंग्रजी ही राज्यकारभाराची भाषा नाही, परंतु परीक्षेची आणि व्यापाराची भाषा आहे. जपान सरकारने १९८७ साली परदेशी तरुणांना शाळांत सहायक म्हणून आणण्यासाठी 'जेट' योजना सुरू केली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. २०२० पासून तेथे प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाला. दक्षिण कोरियात १९९७ पासून तिसरीपासून इंग्रजी शिकवतात. तेथील विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना विमानांची उड्डाणे आणि उतरणे थांबवतात, यावरून त्या विषयाचे महत्त्व ध्यानात यावे. शाळेखेरीज कोरियात 'हाग्वॉन' आणि जपानमध्ये 'एइकाइवा' या नावाचे खाजगी वर्ग गल्लोगल्ली आहेत. आग्नेय आशियातील राष्ट्रांच्या 'आसियान' संघटनेच्या सनदेतही कामकाजाची भाषा इंग्रजीच ठरवलेली आहे. तेव्हा ही मागणी खोटी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे.

जमेची बाजू

पहिला लाभ अर्थातच अर्थार्जनाचा. आपल्याकडे इंग्रजीच्या पदवीधराला खाजगी शाळेत तुटपुंज्या मानधनावर राबावे लागते. त्या तुलनेत परदेशी शाळेतील नियमित पगार मोठा वाटतो. कोरियाच्या सरकारी योजनेत तर राहण्याची सोयही मिळते.

दुसरा लाभ अनुभवाचा. नवा देश, नवी माणसे, वक्तशीरपणाची आणि सामूहिक शिस्तीची सवय, हे सारे माणसाला घडवते. वर्गात उभे राहून बोलण्याचा धीर येतो, तो पुढे कोणत्याही नोकरीत उपयोगी पडतो.

तिसरा लाभ सहसा कोणी सांगत नाही. ज्याने इंग्रजी परकी भाषा म्हणून, कष्टाने शिकली, त्याला ती कोठे अडते हे ठाऊक असते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. जपानी आणि कोरियन भाषांतही तसेच आहे. आपण 'घरात', 'टेबलावर' म्हणतो, म्हणजे स्थान दाखवणारा भाग नामाच्या मागून जोडतो. त्या भाषांतही तीच रीत आहे. म्हणजे इंग्रजी वाक्य रचताना मराठी शाळेतल्या मुलाला जी उलटापालट करावी लागते, तीच ओसाका किंवा सोल येथील मुलाला करावी लागते. लंडनमध्ये वाढलेल्या शिक्षकाला ही अडचण पुस्तकातून समजून घ्यावी लागते, आपल्याला ती स्वानुभवाने कळते. ही आपली खरी पुंजी आहे.

नावे बाजू

परंतु ही पुंजी तिकडे सहजासहजी वटत नाही, आणि याचे कारण पासपोर्ट. ब्रज कछरू या काश्मीरमध्ये जन्मलेल्या भाषातज्ज्ञाने १९८५ साली जगातील इंग्रजीची तीन वर्तुळे कल्पिली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिकेसारखे देश, बाहेरच्यात भारतासारखे, आणि त्यापलीकडे जपान-चीनसारखे नव्याने शिकणारे. व्हिसाचे नियम बहुधा आतल्या वर्तुळालाच झुकते माप देतात. कोरियाचा भाषा शिक्षकाचा व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आल्यावर भारतीयांना त्यात एक लहान दार उघडले, पण ते सरकारी शाळांतील सहायक शिक्षकापुरते, आणि त्यासाठी पदवीबरोबर इंग्रजी अध्यापनाची शिक्षकपात्रता लागते. चीनमध्येही ज्याची जी मातृभाषा, त्याने ती शिकवावी असे धोरण आहे.

जपानची अट तर आपल्या मुलांनी नीट समजून घ्यावी. जी भाषा शिकवायची, त्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षे शिक्षण झाल्याचा पुरावा तेथे सामान्यतः मागितला जातो. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकून पुढे इंग्रजीत एम. ए. झालेला आपला मुलगा कितीही हुशार असला, तरी या अटीवर अडू शकतो. हे न्याय्य नाही असे मला वाटते, परंतु आपल्याला वाटण्याने नियम बदलत नाही. एजंट मात्र ही गोष्ट सांगत नाही.

थायलंड आणि व्हिएतनाममध्ये भारतीयांना वाव अधिक आहे. तथापि तेथेही पदवी, पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि कामाचा परवाना लागतो. शिकवण्याचे प्रमाणपत्र आणि इंग्रजीच्या एखाद्या मान्य परीक्षेतील गुणही बहुधा मागतात. थायलंडमध्ये तेथील शिक्षक परिषदेचा, निदान तात्पुरता तरी, परवाना घ्यावा लागतो. पर्यटक व्हिसावर शिकवणे हा तेथे गुन्हा आहे. देश बौद्ध आहे म्हणून विहारात आपले स्वागत होईल, कामाच्या परवान्याच्या कचेरीत मात्र कागदच पाहिले जातील. शिवाय एकाच शाळेत एकच काम करणाऱ्या गोऱ्या शिक्षकाला जास्त आणि फिलिपिनो किंवा भारतीय शिक्षकाला कमी पगार, असा भेद अनेक ठिकाणी आढळतो. जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याची रीत आपल्याला नवीन नाही. ती तेथे वेगळ्या रूपात भेटेल, याची मनाची तयारी हवी.

दुसरा तोटा अस्थिरतेचा. करार बहुधा एका वर्षाचा असतो. २००७ साली जपानमधील 'नोवा' ही सर्वांत मोठी भाषावर्गांची साखळी दिवाळखोरीत गेली आणि हजारो परदेशी शिक्षक पगाराविना उघड्यावर पडले. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर निर्बंध आणले, परदेशात बसून चिनी मुलांना शिकवणाऱ्यांची नेमणूकही बंद केली, आणि एक भरभराटीचा धंदा पाहता पाहता बसला.

तिसरा तोटा कालहानीचा. परदेशात घालवलेली तीन-चार वर्षे येथील शिक्षकभरतीत सेवा म्हणून धरली जातीलच असे नाही. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन यांची साखळी तुटते. भारताचा सामाजिक सुरक्षा करार कोरियाशी २०११ पासून आणि जपानशी २०१६ पासून लागू आहे. अन्य देशांत जाणाऱ्याने या बाबतीत आधी चौकशी केलेली बरी.

आणखी एक बाजू विद्यार्थ्यांची आहे. दर वर्षी नवा परदेशी शिक्षक आला आणि गेला, तर त्या मुलांच्या पदरी काय पडते? इंग्रजी बोलता येणे आणि इंग्रजी शिकवता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. केवळ पैशासाठी वर्गात उभा राहणारा माणूस तिकडच्या गरीब पालकांच्या पैशाशी प्रतारणा करतो. आपल्या मुलांना असा शिक्षक मिळाला तर आपल्याला चालेल का, हा प्रश्न जाणाऱ्याने स्वतःला विचारावा.

जाण्यापूर्वी काय करावे?

१) प्रथम अध्यापनाचे शिक्षण घ्यावे. शक्य झाल्यास बी. एड. करावे. हैदराबादची इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ ही संस्था १९५८ पासून इंग्रजीच्या शिक्षकांना घडवत आली आहे. केंब्रिजच्या 'सेल्टा' अभ्यासक्रमात प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवावे लागते. नुसत्या पैसे भरून घरपोच मिळणाऱ्या प्रमाणपत्राला फारशी किंमत नसते.

२) एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहावे. नियमानुसार त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दीड लाख मागणारा माणूस तेथेच उघडा पडतो. पैसे रोखीने देऊ नयेत, पावती घ्यावी.

३) शाळेचे नाव, पगार, तास, सुट्या आणि घरभाडे लिहिलेले करारपत्र हाती आल्याशिवाय आणि योग्य व्हिसा मिळाल्याशिवाय विमानात बसू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता. थायलंडमध्ये नोकरीचे आमिष दाखवून संगणक शिकलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन डांबले जात होते. त्या नोकऱ्या शिक्षकाच्या नव्हत्या, पण जाळे टाकण्याची रीत तीच असते.

४) मूळ पदवी प्रमाणपत्र कोणाच्याही ताब्यात देऊ नये. पारपत्र तर नाहीच नाही.

५) बँकेतील माणूस म्हणून एक सूचना. परदेशी नोकरीस गेल्यावर येथील साधे बचत खाते अनिवासी साधारण खात्यात बदलून घ्यावे लागते. तिकडची कमाई पाठवण्यासाठी अनिवासी बाह्य खाते उघडावे. त्या पैशाचे मुद्दल व व्याज परत परदेशी नेता येते आणि त्या व्याजावर भारतात आयकर लागत नाही. हुंडी किंवा ओळखीच्या माणसामार्फत पैसे पाठवण्याच्या फंदात पडू नये.

समारोप

तात्पर्य, आशियात इंग्रजी शिकवण्याची वाट बंद नाही, पण ती जाहिरातीत दिसते तेवढी रुंदही नाही. ज्याच्याकडे अध्यापनाचे शिक्षण आहे, घरावर कर्ज नाही आणि परतल्यावर काय करायचे याचा आराखडा आहे, त्याने अवश्य जावे. ज्याला घरची ठेव मोडून, बहिणीचे लग्न पुढे ढकलून, अनोळखी माणसाच्या भरवशावर निघायचे आहे, त्याने थांबावे. थांबणे म्हणजे हरणे नव्हे.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाने पुढे बी. एड. केले. आज तो तालुक्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. मध्यंतरी तो घरी आला आणि म्हणाला, "काका, मला अजून जायचंय. आता कागद कोणते लागतील तेवढं सांगा." आम्ही दोघांनी बसून यादी केली. ती यादी वरच्या पाच कलमांत आली आहे. आपल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला तिचा उपयोग झाला, तर या लेखाचे चीज झाले असे मी समजेन.