गोदावरी त्रिभुज प्रदेशातील जलव्यवस्थापन

गोदावरी त्रिभुज प्रदेश हा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर, गोदावरी नदीने वाहून आणलेल्या गाळापासून तयार झालेला सखल व सुपीक प्रदेश आहे. हवामान बदलामुळे येथे पूर, पाणीटंचाई आणि खारेपणा या तिन्ही संकटांचा एकत्रित विचार करावा लागतो.

रचना आणि सिंचन

त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी सुमारे १,४६५ किमी वाहत जाऊन समुद्राला मिळते. धवळेश्वरमच्या खाली तिचे गौतमी व वसिष्ठा असे दोन मुख्य फाटे होतात. आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८५२ मध्ये धवळेश्वरम येथे बंधारा पूर्ण झाला. त्याच्या कालव्यांवर आज सुमारे ४ लाख हेक्टर क्षेत्र भिजते. भात हे मुख्य पीक आहे. नदीचा बहुतेक प्रवाह पावसाळ्यातच येत असल्याने रब्बी हंगामात सिलेरू नदीवरील जलविद्युत केंद्रांतून सोडलेल्या पाण्याचा आधार घ्यावा लागतो.

धोके

गाळाची घट : त्रिभुज प्रदेशाची जमीन स्वतःच्या भाराने दबत असते आणि नव्या गाळाने ती झीज भरून निघते. जायकवाडी, श्रीरामसागर यांसारख्या धरणांत गाळ अडल्याने ही भरपाई घटली आहे. दुसरीकडे, १९०१ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंमी वाढली.

खारेपणा : किनारी भागात गोडे भूजल खाऱ्या पाण्यावर तरंगते. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १ मीटरने घटली, तर खालचे खारे पाणी सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ४० मीटर वर येते. म्हणून विहिरींचा बेसुमार उपसा येथे विशेष घातक ठरतो.

पूर व वादळे : ऑगस्ट १९८६ चा महापूर आणि नोव्हेंबर १९९६ चे चक्रीवादळ यांत मोठी हानी झाली. समुद्रपातळी वाढल्यास पुराच्या पाण्याचा निचराही मंदावतो.

व्यवस्थापन

भद्राचलम येथे पाणी ४३, ४८ व ५३ फुटांवर पोहोचताच क्रमाने तीन इशारे दिले जातात. पूरसंरक्षक बांध, निचऱ्याच्या चरांची सफाई, कालव्याच्या पाण्याचे पाळीने वाटप आणि कोरिंगा येथील खारफुटीचे संरक्षण हे इतर उपाय आहेत. मात्र बांध पूर अडवतात तसाच शेतात पसरणारा गाळही अडवतात. गोदावरी जलविवाद लवादाच्या १९८० च्या निवाड्याने खोऱ्यातील राज्यांमध्ये पाण्याची वाटणी केली. त्रिभुज प्रदेश टिकण्यासाठी पाण्याबरोबर गाळाचाही विचार संपूर्ण खोऱ्याच्या पातळीवर होणे आवश्यक आहे.