तंजावरची मराठी आणि आमच्या लेकीचा अलारिप्पू

शनी शिंगणापुरात आमचं घर जुन्या वळणाचं. चौकट आहे, दार नाही, पडदा तेवढा आहे. त्यामुळे लेकीचा भरतनाट्यमचा सराव चोरून होत नाही. ‘तै या तै’ सुरू झालं की दळणाचा डबा घेऊन निघालेल्या काकूसुद्धा पडदा सारून विचारतात, “अजून तेच का गं?”

तेच असतं. या नाचात गोष्ट फार उशिरा येते, आधी येतात अडवू, म्हणजे नाचाचे पायाभूत तुकडे. गुडघे बाहेर काढून, पाठ ताठ ठेवून अर्धं बसायचं, म्हणजे अरमंडी. मग एकच पदन्यास तीन लयींत: साधा, दुप्पट, चौपट. ताल मात्र जागचा हलत नाही. क्लासच्या बाई लाकडी ठोकळ्यावर दांडीनं ठोका देतात, त्यावर पाय पडला पाहिजे. शिवाय अभिनयदर्पणातल्या एका हाताच्या 28 मुद्रा श्लोकासकट पाठ. शहाबादी फरशीवर पाय आपटून पोटऱ्या भरून यायच्या, म्हणून आता सराव सारवलेल्या पडवीत.

शनिवारी मला दुकान सोडता येत नाही. तेल, रुईच्या माळा, काळे उडीद; शनी अमावास्येला तर घास गिळायला फुरसत नसते. म्हणून क्लास रविवारचा. घोडेगावपर्यंत मोटारसायकल, पुढे नगरची एसटी.

दुकानात कुणीतरी हमखास विचारतं, “आपलं सोडून हा मद्राशी नाच कशाला?” तेव्हा मी तंजावर काढतो, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिकडे गेले आणि भोसल्यांची गादी तिथे पिढ्यान् पिढ्या चालली. त्याच गादीवरच्या दुसऱ्या सरफोजींची कारकीर्द 1798 ते 1832. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ याच दरबारचे. आज सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंत कार्यक्रमाचा जो क्रम सगळीकडे नाचतात, तो बसवण्याचं श्रेय त्यांना देतात.

आणि सरफोजीराजांनी स्वतः नाचासाठी मराठीत निरूपणं रचली! एकच कथा 18 नृत्यप्रकारांतून पुढे सरकत जाते. ती हस्तलिखितं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून ती रंगमंचावर आणली, त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी नाचली. सुचेताताईंनी पुढे हिंदुस्थानी रागसंगीतावर भरतनाट्यम बसवलं, ‘नृत्यगंगा’ नावानं. पुण्याची कलावर्धिनी ही संस्था त्यांचीच. एवढं सगळं असून आपल्याकडे सरफोजी म्हटलं की लोकांना फार तर ग्रंथालय आठवतं, याचं मला नवल वाटतं.

मला यातलं व्यवहाराचं कळतं ते असं. पदं बहुतेक तेलुगू-तमिळ. नायिका रुसली आहे की वाट बघते आहे, हे आधी माईकवरून सांगावं लागतं, आणि सांगणारा लांबण लावतो. शब्द मराठी असले तर आमच्या गावच्या यात्रेतला माणूसही डोळ्यांचा अर्थ आपोआप लावील. म्हणून परवा बाईंना विचारलं, पोरीला एखादं निरूपण शिकवाल का?

बाई म्हणाल्या, “शिकवू की. आधी तिचा अलारिप्पू स्वच्छ होऊ द्या.”