गणिताने निघणारे रकाने आणि नोंदींची क्रमवारी

बोलींचा शब्दसंग्रह आता डेटाबेसमध्ये ठेवून वेबवरून चाळता येतो. अशा संग्रहातील काही रकाने साठविलेले नसतात. ते मागणीच्या वेळी हिशेबाने काढावे लागतात. शब्दाची अक्षरसंख्या घ्या. ‘क्षत्रिय’ या शब्दात युनिकोडच्या गणतीने ८ चिन्हे भरतात, आपण अक्षरे मात्र ३ मानतो. मूळ वर्णचिन्हे ५, त्यांतून हलन्तचिन्हे २ वजा केली की बाकी ३ उरते. सूत्र एवढेच.

ते चालवावयाचे कोठे, हा खरा प्रश्न होय. पुष्कळ वेब-प्रणाली पहिल्या २५ नोंदी आणतात, त्यांचीच अक्षरे मोजतात आणि तेवढ्यांनाच क्रम लावतात. यादी सुबक दिसते. पण संग्रहातील सर्वांत दीर्घ शब्द चाळिसाव्या पानावर पडून असू शकतो. अशा यादीवरून काढलेला निष्कर्ष चुकतो, आणि चूक ध्यानातही येत नाही. म्हणून गणना, गाळणी व क्रम ही तिन्ही पाने पाडण्यापूर्वी डेटाबेसमध्येच व्हावयास हवीत.

येथे विद्यार्थी हटकून अडखळतात. एसक्यूएलमध्ये गणितास दिलेले नाव ‘ऑर्डर बाय’ला कळते, ‘व्हेअर’ला कळत नाही, कारण गाळणी तर्कतः आधी होते, नामकरण मागून. तेथे सूत्र पुन्हा लिहावे. मायएसक्यूएल ५.७ (२०१५) व पोस्टग्रेस १२ (२०१९) यांपासून सूत्राचाच रकाना करता येतो व त्यावर इंडेक्सही बांधता येतो. निवेदकाचे वय मात्र असे ठेवता येत नाही, कारण ते आजच्या तारखेवर अवलंबून असते. तेथे ‘साठीपुढील’ ही अट जन्मतारखेवर उलटवून घ्यावी.