लक्ष्मीचे वाहन आणि आपले भय

आश्विन अमावास्येची रात्र ही लक्ष्मीपूजनाची रात्र. केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाते, वहीपूजन होते, दारोदारी पणत्या उजळतात. आणि याच पर्वावर, घुबडाचा बळी दिल्यास धन लाभते अशा समजुतीने, आपल्या देशात कित्येक घुबडे प्राणास मुकतात. ज्याला लक्ष्मीचे वाहन म्हणावयाचे त्याचाच वध करून लक्ष्मीला घरी पाचारण करावयाचे, ही कोणती भक्ती? सणाच्या निमित्ताने आम्ही हा प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहो.

शास्त्राचा आधार शोधू गेल्यास काय आढळते? श्रीसूक्तात हत्ती आहेत, अश्व आहेत, कमळ आहे, घुबड नाही. वाहन म्हणून त्याचे स्थान विशेषतः वंगदेशीच्या लक्ष्मीमूर्तींत दिसते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात उलूकाचा अशुभ शब्द व्यर्थ जावो अशी प्रार्थना आहे. म्हणजे तेथे भय आहे, पण त्यावर उपाय प्रार्थनेचा आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात वटवृक्षावर निजलेल्या कावळ्यांना मारणारे घुबड पाहून अश्वत्थाम्याला निद्रिस्त वीरांच्या वधाची कल्पना सुचली. पक्षी आपल्या स्वभावाप्रमाणे वागला. पाप घडले ते मनुष्याच्या हातून. उलट वैशेषिक दर्शनाला ‘औलूक्य दर्शन’ असे नाव आहे, आणि गीतेतील योग्याच्या रात्रीचा श्लोक उलगडताना आद्य शंकराचार्यांनी निशाचरांचाच दृष्टांत घेतला आहे. इतरांची रात्र तो त्यांचा दिवस!

आपल्या खेड्यापाड्यांत मात्र भयाचेच राज्य. घुबडाला दगड मारू नये, तो ते झेलते आणि दगड झिजतो तसा मारणारा झिजतो. रात्री मुलाला नावाने हाक मारू नये, घुबड ते नाव उच्चारते. अशा समजुती आजी-पणजींकडून आपण ऐकल्या आहेत. त्याच समाजाने पहाटे कंदील घेऊन येणाऱ्या भविष्यवेत्त्याला ‘पिंगळा’ म्हटले आणि त्याच्या झोळीत दाणे घातले. नाथमहाराजांनी तर पिंगळ्याला भारुडात स्थान दिले. पिंगळा हेही घुबडाच्याच कुळातले पाखरू. एकाच कुळाला शिव्याही आणि भिक्षाही!

अर्थ जोडणारे आपले मनच असते. नवी मुंबईत बेलापूरनजीक पनवेलच्या खाडीकाठी दिवाळे नावाचे कोळ्यांचे गाव आहे. ‘दिवाळे’ हा शब्द लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी ओठांवरही येऊ देणार नाही. परंतु त्याच नावाच्या गावात खाडीच्या मासळीवर पिढ्यान्‌पिढ्या संसार उभे राहिले. नावाने गाव बुडाले नाही. मग पाखराच्या आवाजाने घर कसे बुडेल?

वस्तुतः घुबड शेतकऱ्याच्या कणगीचे रात्रपाळीचे राखणदार आहे. उंदीर-घुशी हे त्याचे मुख्य भक्ष्य. पिसांच्या मऊ कडांमुळे त्याचे उडणे निःशब्द असते आणि गाढ अंधारातही केवळ कानांच्या आधारे गव्हाणी घुबड उंदीर अचूक टिपते. धान्य राखणारा तो लक्ष्मीचा सेवक, हा अर्थ आम्हांस अधिक पटतो.

असे पाखरू नाहीसे होण्यास वेळ लागत नाही. वनपिंगळ्याची १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे खात्रीची नोंदच नव्हती. १९९७ साली तो शहाद्याजवळच्या रानात पुन्हा आढळला. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे २०१८ साली इला फाउंडेशनने उलूकोत्सव भरवून मुलांच्या मनातील भीती घालविण्याचा उपक्रम आरंभिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये घुबड पकडणे, विकणे वा मारणे हा गुन्हा आहेच; परंतु धर्मनिष्ठ घराला कायद्याच्या धाकाची गरज पडू नये.

तेव्हा वाचकहो, कोणी घुबडाच्या नखांचे वा पिसांचे ‘सिद्ध’ साहित्य दाखवील तर त्याला दारातूनच परत पाठवा आणि वनखात्यास कळवा. रात्री छपरावर घूत्कार ऐकू आला तर मुलांना उंदरांची गोष्ट सांगा, अन् निःशंक मनाने निजा.