परदेशी प्रवाशांवरील कर व त्याचें मोजमाप

शुभवर्तमानांत मत्तय हा जकातनाक्यावर बसलेला आपणांस भेटतो. वाटसरूंकडून पैसा घेण्याची राजसत्तेची ही चाल फार जुनी आहे. परंतु त्या पैशामुळें किती वाटसरू नाक्याकडे फिरकलेच नाहींत, याची नोंद कोणत्याहि जकातदाराच्या वहींत सांपडावयाची नाहीं. ती न दिसणारी संख्या हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय, व उदाहरण आपल्या शेजारच्या भूतान देशाचें घेतलें आहे.

भूताननें आपले दरवाजे परदेशी प्रवाशांस १९७४ सालीं उघडले. प्रवासी थोडे असावे, पण त्यांपासून प्राप्ति पुष्कळ व्हावी, हें त्या राज्याचें धोरण. २०२२ पर्यंत बहुतेक परकीयांस दररोज ६५ डॉलर कर पडे, व तो राहणें, जेवण व वाटाड्या यांसह ठरलेल्या २०० ते २५० डॉलरांच्या दैनिक आकारांतच मोडे. भारतीयांस तो मुळींच नव्हता. २३ सप्टेंबर २०२२ पासून नुसता करच दर रात्रीस २०० डॉलर झाला, आणि भारतीयांस १२०० रुपये पडूं लागले. आईवडील व दोन मोठीं मुलें असें एखादें मराठी कुटुंब पांच रात्री तेथें राहिलें, तर खाण्यापिण्याचा खर्च निराळाच, पण २४००० रुपये केवळ सरकारांत भरावे लागतात.

आतां परिणाम पाहूं. २०१९ सालीं तेथें सुमारें ३ लक्ष १५ हजार प्रवासी गेले होते. २०२३ सालीं सुमारें १ लक्ष ३ हजार. ही दोनतृतीयांश घट करानेंच झाली असें म्हणण्याचा मोह होतो. पण मध्यंतरीं कोविडची सांथ येऊन गेली होती. दोन कारणें एकत्र मिसळलीं असतां त्यांतील एक वेगळें काढावयाचें, तर ज्यास सांथ लागली पण हा कर लागला नाहीं असा सोबती शोधावा लागतो. नेपाळ हा तसा सोबती आहे. तेथें २०१९ सालीं सुमारें ११ लक्ष ९७ हजार व २०२३ सालीं सुमारें १० लक्ष १५ हजार प्रवासी आले; म्हणजे घट शेंकडा १५ च्या आसपास. दोहोंमधील हें अंतर बरेंचसें कराच्या माथीं मारतां येईल, सर्वस्वीं मात्र नाहीं. कारण सांथीनंतर भूतानचे दरवाजे नेपाळच्या मागून उघडले.

शिवाय नुसतीं माणसें मोजून भागत नाहीं. कर रात्रीवर असल्यामुळें प्रवासी येतो, पण लौकर परततो. तेव्हां रात्रीहि मोजावयास हव्या. आणखी एक गंमत पहा. ६५ चे २०० झाल्यावर, डॉलर भरणाऱ्यांच्या रात्री एकतृतीयांशावर आल्या तरी खजिन्यास पूर्वीइतकेंच मिळतें. खजिनदार समाधानी, पण पारो येथील वाटाड्या, मोटरवाला व खाणावळवाला यांचा त्याच मानानें दोनतृतीयांश धंदा बुडालेला असतो. केवळ सरकारी जमेवरून कराचें यश ठरविणारे नेमकी हीच बाजू विसरतात, असें आम्हांस वाटतें.

१ सप्टेंबर २०२३ पासून भूताननें हा दर १०० डॉलरांवर आणला. निम्म्या दरानें तितकीच रक्कम यावयाची तर रात्री दुप्पट भरल्या पाहिजेत. २०२४ सालीं प्रवासी सुमारें १ लक्ष ४५ हजार झाले खरे. परंतु त्यांत भारतीयच अधिक होते, आणि त्यांचे १२०० रुपये तर तसेच ठेविले होते. तेव्हां ही वाढ दरकपातीच्या खातीं टाकण्यापूर्वीं प्रवाशांचे देशवार आंकडे वेगळे करून पाहावे लागतील.