पनीरचा भाव आधी विचारा, आयोडीन नंतर

मार्च 2025 मध्ये आमदार विक्रम पाचपुते नकली पनीर घेऊन विधिमंडळात पोचले, आणि तेव्हापासून जो तो पनीरतज्ज्ञ झाला. पुढच्याच महिन्यात खारच्या एका उंची रेस्टॉरंटमध्ये कुणी पनीरवर आयोडीन टाकलं, तुकडा काळा पडला, व्हिडिओ धावला. पदार्थात सोयाचे घटक आहेत, असा खुलासा रेस्टॉरंटने केला. तो अर्थातच तेवढा धावला नाही.

आयोडीन फक्त स्टार्च ओळखतं. कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून तळलेलं अस्सल पनीरही त्याने निळं-काळं होणार. उलट पामतेल आणि दूध पावडर घोटून, स्टार्च न घालता केलेला ठोकळा त्या परीक्षेत खुशाल पास होईल. तेल पकडायचं तर प्रयोगशाळेत त्यातली चरबी तपासावी लागते. ते स्वयंपाकघरातलं काम नव्हे.

घरबसल्या जमण्यासारखी परीक्षा एकच, बेरीज-गुणाकाराची. किलोभर पनीरला म्हशीचं साधारण पाच लिटर दूध लागतं, गायीचं सहाच्या आसपास. वाशी-नेरूळमध्ये म्हशीच्या दुधाने लिटरला सत्तरी कधीच ओलांडली आहे. डेअरीवाल्याला घाऊकमध्ये पन्नासने मिळतं असं धरलं, तरी नुसत्या दुधाचेच अडीचशे झाले. गॅस, बर्फ, मजुरी, टेम्पो अजून बाकीच. मग दोनशे-सव्वादोनशे रुपये किलोचं ‘मलई पनीर’ कुठल्या म्हशीचं? लग्नाच्या केटररला हा प्रश्न आपण विचारत नाही, कारण ताटाचा दर आपणच पाडून घेतलेला असतो.

करायला पनीर अवघड नाही. दूध नव्वद अंशांपर्यंत तापवायचं, सत्तरीला उतरू द्यायचं आणि मग लिंबाचं सत्त्व पाण्यात विरघळवून सावकाश सोडायचं. उकळत्या दुधात भसकन लिंबू पिळलं की पनीर चिवट होतं. बहुतेक घरांत नेमकं हेच घडतं. हिरवट निवळ पाणी सुटलं की ढवळणं बंद. फडक्यात बांधून वजनाखाली दाबायचं, मग गार पाण्यात दोन तास. म्हशीच्या दुधाचं घट्ट होतं, टिक्क्याला तेच बरं. भुर्जीला गायीचं मऊ चालतं. उरलेल्या पाण्यात कणीक भिजवा. दुधातली बरीचशी साखर आणि थोडी प्रथिनं त्यात उतरलेली असतात.

शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराएक ग्रॅम प्रथिनं, भरपूर कॅल्शियम आणि वीसेक ग्रॅम चरबी. जिमवाली पोरं पहिला आकडा सांगतात, शेवटचा गिळतात. त्यात बटर मसाल्याची तर्री आली, की पनीरला ‘हेल्दी’ म्हणणं धाडसाचंच.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. पनीरमध्ये पाणी साठ टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि कोरड्या भागात निदान निम्मी दुधाची चरबी हवी. कमी चरबीच्या पनीरचे निकष वेगळे. वनस्पती तेलाचं ‘अ‍ॅनालॉग’ विकणं गुन्हा नाही. ते पनीर म्हणून विकणं गुन्हा आहे. ते विष आहे, प्लास्टिक आहे, हे फॉरवर्ड सोडून द्या. ते स्वस्त तेल आहे आणि आपण त्याला दुधाचे पैसे मोजतो, तक्रार एवढीच. पण ती लहान नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद पनीरवरचा पाच टक्के जीएसटी गेला. सुट्या पनीरवर तो नव्हताच. म्हणजे लेबल असलेला आणि नसलेला माल करापुरता एका रांगेत आला, आणि सुटं घेण्याचं एक कारण कमी झालं. हॉटेलात मात्र पाकीट आपल्याला दिसत नाही. छापे जरूर घालावेत. पण दिवाळीच्या तोंडावर जप्त मालासोबत फोटो काढण्यापेक्षा, मेनूकार्डावर पदार्थाच्या नावापुढे ‘अ‍ॅनालॉग’ असं मराठीत, ठळक छापायला लावावं. पनीर टिक्क्याचे तीनशे मोजायचे की नाही, ते गिऱ्हाईक मग आपलं आपण ठरवेल.